डोलीच्या आधीचं आयुष्य

जव्हार-मोखाड्यात लहान मूल दगावलं की त्याचे कागद होतात. आशाताई येते, नर्सबाई येते, घरच्यांना विचारलं जातं. वजन किती होतं, ताप कधीपासून होता, दवाखान्यात केव्हा नेलं, त्याआधी भगताकडे नेलं होतं का. सरकारी भाषेत याला बालमृत्यू अन्वेषण म्हणतात. बाळंतीण गेली तर माता मृत्यू अन्वेषण. ही चौकशी व्हायलाच हवी. रस्ता नव्हता, गाडी वेळेवर आली नाही, डॉक्टर जागेवर नव्हते, हे वर कळायचं तर त्यातूनच कळतं. पण ते पोर हसायचं कसं, कोणाच्या कडेवर रमायचं, कशासाठी हटून बसायचं, हे लिहायला त्या रकान्यांत जागा नसते.

आम्ही ते वहीत लिहितो.

मी जव्हारची. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, तीही बहुतेक पाड्यांवर. निवृत्त झाल्यावर माझ्या ओटीवर चार बायका बसायला लागल्या, मग त्यांच्या ओळखीच्या आल्या, आणि पुढे मोखाड्याच्या बाजूला एका समाजमंदिरातही बैठक सुरू झाली. कोणाचा मुलगा गेलेला, कोणाचा नवरा वीटभट्टीवर गेला तो परत न आलेला, कोणाची जमीन धरणात गेलेली. ज्यांना लिहिता येतं ते स्वतः लिहितात. ज्यांना येत नाही त्यांचं कॉलेजात जाणाऱ्या मुली लिहून घेतात. दिवाळी झाली की अर्धे पाडे जगायला बाहेर पडतात. कोणी वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवर, कोणी नाशिककडे द्राक्षबागांत, कोणी ठाण्या-मुंबईच्या बांधकामांवर. पावसात आवणीमुळे कोणाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून आमचं लिहिणं भादव्यात सुरू होतं, दिवाळीला थांबतं आणि मग एकदम होळीनंतर. तुटक चालतं, पण चालतं.

या वह्यांच्या सोबतीने माझं एक मत पक्कं झालं आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याच्या मरणापासून सुरुवात करू नये. मरण वहीत येईलच, त्याला बोलवावं लागत नाही. आधी ते माणूस जगलं कसं ते लिहावं, आणि त्यातही बारीकसारीक लिहावं. दुःखाने सगळ्यात आधी तेच हिरावून घेतलेलं असतं.

हे मला कळलं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती 1994 च्या श्रावणात गेली. सासर मोखाड्याच्या बाजूला, ओढ्यापलीकडच्या एका पाड्यावर. पहिलंच बाळंतपण, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले होते. दिवेलागणीला मुलगी झाली, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. सुईणीने तिला जमेल ते सगळं केलं. मग घोंगडी बांबूला बांधून डोली केली. चौघांनी खांदा दिला, मी कंदील घेऊन पुढे. ओढ्याला पूर होता. तो उतरेपर्यंत काठावर थांबावं लागलं. पुढे डांबरी सडक लागली, जीप मिळाली, आणि नाशिकच्या वाटेवर पहाटेच्या आत ती गेली. तेव्हा हातात मोबाइल नव्हते, 108 ची गाडी आपल्या राज्यात 2014 मध्ये आली. त्या रात्री तिला वाचवता आलं असतं का, हा प्रश्न मी किती वर्षं चघळला ते सांगता येणार नाही.

तिची मुलगी आम्ही वाढवली, आमच्या आईने आणि मी. दहावी झाल्यावर तिने एकदा सरळ विचारलं, "मावशी, तू आईचं सांगायला लागलीस की दर वेळी डोलीवरच का येतेस?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते खरंच होतं. बहीण म्हटलं की मला ओल्या घोंगडीचा वास यायचा, रॉकेलचा वास यायचा, आणि पावसात कोणी बांबू तोडत असलं की हात गार पडायचे. बावीस वर्षं जगलेलं माणूस माझ्याकडे एका रात्रीपुरतं उरलं होतं. ज्या लेकीने आईला पाहिलंच नाही, तिला मी वारशात ती एक रात्रच देत होते.

लिहायला बसले ते निवृत्तीनंतर. तेव्हाही आधी रात्रच लिहायला घेतली. ओढ्याच्या काठापर्यंत यायचे आणि पेन थांबायचं. काही दिवस वही बंद. मग एकदा पहिला पाऊस पडून गेल्यावर शेजारची पोरं खेकडे धरायला निघाली, आणि मी आत येऊन लिहिलं की माझी बहीण खेकडे उघड्या हाताने धरायची. दगडाखाली बोटं घालायची, नांगी कुठे आहे ते न बघता पाठीकडून चिमटीत उचलायची, आणि मी किंचाळले की तो माझ्या तोंडापुढे धरायची. तिचा पुढचा एक दात आंब्यावरून पडून अर्धा तुटला होता. हसताना ती त्यावर ओठ ओढून घ्यायची, पण हसू फार आलं की विसरायची. बोहाड्याच्या उत्सवाला आम्ही रात्रभर जागायचो. मुखवटे घातलेली सोंगं वाजत-गाजत आली की ती आईच्या पदरात तोंड लपवायची, आणि दुसऱ्या दिवशी घरात सुपाचा मुखवटा करून तीच सोंगं हुबेहूब नाचवायची. भाकरी थापताना नाचणीच्या पिठाचा हात माझ्या वेणीला पुसायची. एकामागून एक येत गेलं. कित्येक गोष्टी मला आठवतात हेच मला ठाऊक नव्हतं.

ती पानं भरल्यावर कधीतरी मी ओढा ओलांडला. म्हणजे लिहून ओलांडला. त्या रात्रीचं सगळं लिहिलं, जीपवाल्याने पैसे घेतले नाहीत हेसुद्धा लिहिलं, आणि पुढे बारसं लिहिलं, भाचीचं पहिलं पाऊल लिहिलं. रात्र पुसली गेली नाही. पण तिच्या अलीकडे बावीस वर्षं आली, पलीकडे पोरीचं आयुष्य आलं, आणि ती मधली एक रात्र झाली.

असं का होतं, याचा पुढे मी जमेल तेवढा शोध घेतला, कारण ओटीवर येणाऱ्या बायकांना मी काय करायला लावतेय ते मला समजायला हवं होतं. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात मॅगी शाउअर, फ्रांक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट या अभ्यासकांनी युद्धातून पळालेल्या निर्वासितांसोबत काम केलं. जबर धक्क्याच्या आठवणीत ते दोन भाग पाहतात. एक भाग तापलेला: वास, आवाज, अंगातला काटा, छातीची धडधड. दुसरा थंड: हे कुठे घडलं, कधी, आधी काय होतं, नंतर काय झालं. भयंकर प्रसंगात तापलेला भाग खोल कोरला जातो आणि थंड भागाशी त्याचा सांधा सुटतो. म्हणून वर्षांनंतरही एखादा वास आला की अंगाला ते आत्ताच घडतंय असं वाटतं. त्यांच्या उपचारात माणसाकडून त्याचं सबंध आयुष्य जन्मापासून क्रमाने सांगून घेतात. सुरुवातीला जमिनीवर एक दोर पसरतात. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईट प्रसंगाला दगड. मग एकेका प्रसंगावर बसून सावकाश बोलतात, ऐकणारा ते लिहून घेतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो. शेवटी सगळा मजकूर ज्याचा त्याच्या हाती देतात. युगांडातल्या एका वस्तीवर सुदानी निर्वासितांसोबत त्यांनी हे केलं आणि त्याचा गुण आल्याचं 2004 मध्ये प्रसिद्ध केलं. तो प्रशिक्षित माणसांनी करायचा उपचार आहे, माझ्या ओटीवर आम्ही तो करत नाही. पण दोर मात्र मी त्यांच्याकडून घेतला. विशेषतः लिहिता न येणाऱ्यांना तो लगेच कळतो. अंगणातलं झेंडूचं फूल आणि ओढ्यातला गोटा हाताशी असतात, आणि दगडांइतकी फुलं मांडल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही.

दुसरं नाव अमेरिकेच्या जेम्स पेनबेकर यांचं. त्यांनी सँड्रा बील यांच्यासोबत कॉलेजातल्या 46 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 1986 मध्ये छापून आला. सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं. काहींना किरकोळ विषय दिले होते. काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाची फक्त हकिकत लिहिली, काहींनी फक्त भावना, आणि काहींनी हकिकत आणि भावना दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून उठल्यावर जास्त उदास वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांचे आजारपणासाठी कॉलेजच्या दवाखान्यात होणारे हेलपाटे कमी झाले. नंतर अशा लिखाणांतली भाषा तपासल्यावर आढळलं की पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी ज्यांच्या लिहिण्यात "कारण", "त्यामुळे", "आता समजतं" अशा तऱ्हेचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. नुसता उमाळा काढणं पुरत नाही. घडलेल्याची संगती लागावी लागते.

हे वाचून कोणी उद्याच एखाद्या विधवेच्या हाती वही देऊन "लिही, बरं वाटेल" म्हणेल, म्हणून पुढचंही सांगते. जोआन फ्रटारोली यांनी 2006 मध्ये अशा 146 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा फायदा दिसला, पण सरासरीने तो लहान होता. आणि मार्गारेट स्ट्रोब व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये जोडीदार गमावलेल्या माणसांच्या बाबतीत दाखवलं की असं लिहायला लावल्याने त्यांचं दुःख लवकर ओसरत नाही. मला याचं नवल वाटत नाही. चार दिवसांत भावना लिहून काढणं आणि वर्षानुवर्षं एका माणसाचं आयुष्य पानापानाने जमवणं यांत फार अंतर आहे. दुसरं काम आपल्या मराठीत बायकांनी कधीच करून ठेवलं आहे, कोणी प्रयोगशाळेत न बोलावता.

रमाबाई रानड्यांचं घ्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे 1901 च्या जानेवारीत गेले आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 मध्ये आल्या. मधली वर्षं त्या गप्प बसल्या नव्हत्या, पुण्यात सेवासदनाचं काम उभं राहत होतं. पुस्तकभर भेटतो तो नवऱ्याने रात्री घेतलेला अभ्यास, घरातल्या बायकांचे टोमणे, इंग्रजी शिकण्याची धडपड. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, 1934 पासून भागाभागाने छापून आली. मुलगा देवदत्त पाठीस लागला म्हणून त्या लिहित्या झाल्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाची ताटातूट, हाल, अपमान सगळं त्यात आहे, आणि तरी वाचणारा पानोपानी हसतो. त्या हसण्यामुळे दुःख हलकं झालं असं नाही, पण पुस्तकात ते एकटं राहिलं नाही. मी आमच्या बैठकीत हे दोन्ही दाखले नेहमी देते, एका व्यवहारी कारणासाठी. दोघींनीही घाई केली नव्हती, आणि लक्ष्मीबाईंना लिहिण्यासाठी घरातलं माणूस पाठीशी हवं होतं. आपल्याला एकटीला जमत नाही म्हणून कोणी ओशाळत असेल तर तिने हे लक्षात ठेवावं.

सगळ्यांना असं पाठबळ मिळालं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहायच्या आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तक झालं त्याआधी ते लिखाण वर्षानुवर्षं दडवलेलं होतं. त्यांचं दुःख एकटीचं नव्हतंच, सबंध महारवाड्याचं होतं, म्हणून पुस्तकभर "आम्ही" येतं. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) तरुण मुलगा गेल्याचं दुःख आहे आणि बांबूच्या टोपल्या विणून संसार ओढणारी आईही आहे. आमच्याकडे बुरूडकाम करणाऱ्या बायका आहेत, त्यांना हे पुस्तक मी वाचून दाखवते तेव्हा काम्ट्या सोलणारा हात थांबतो.

आणि आमच्या मुलखाच्या सगळ्यात जवळचं पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी 1945 मध्ये वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली, त्या लढ्याची ही कहाणी. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या दारात राबणारा तो लग्नगडी. पुस्तक 1970 मध्ये आलं, 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे पती शामराव परुळेकर 1965 मध्ये स्थानबद्धतेत असतानाच गेले होते. ज्यांच्यासोबत हा मुलूख पायी तुडवला तो जोडीदार गेल्यावर गोदूताईंनी जे पुस्तक लिहिलं त्यात जागा दिली ती वारल्यांच्या भुकेला, भीतीला आणि ती भीती मोडली त्या दिवसांना. मला ते नेहमी दुहेरी वाटतं. लढ्याचा इतिहास तर आहेच, पण दोघांनी मिळून जगलेले दिवसही त्यांनी त्यातच सांभाळून ठेवलेत असं मी मानते. त्यांनी तसं कुठे म्हटलेलं नाही, हा माझा समज आहे.

लिहिणं इथे नवं असलं तरी सांगणं नवं नाही. मयताच्या कार्यात रात्रभर थाळीवर कथा लागते. पितळी थाळीवर मेणाने काडी उभी करतात, तिच्यावरून बोटं ओढली की थाळी गुणगुणते, आणि त्या सुरावर सांगणारा सांगत राहतो, पाठीमागचे हुंकार देत राहतात. गेलेल्या माणसासाठी सगळा पाडा जागतो. मी शिक्षिका म्हणून गेले तेव्हा या रात्री मला नुसत्या जागरणाच्या वाटायच्या. आता वाटतं, दुःखी माणसाला लागतं ते सगळं तिथे असतं: वेळ, क्रम, आणि हुंकार देणारा कोणीतरी. फक्त ती कथा देवांची, धान्याची, पूर्वजांची असते. आपल्या दोन वर्षांच्या पोराची कथा कोणी सांगत नाही.

एका आजींनी ती सांगितली. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागातले बालमृत्यू राज्यभर गाजले होते. गाड्या आल्या, फोटो निघाले, विधानसभेत आवाज उठला. आजींचा पाडा मोखाड्याच्या अंगाला, त्यामुळे बातमीत तो कुठेच नव्हता, पण त्याच पावसाळ्यात त्यांचाही मुलगा गेला. अकरावीतली एक मुलगी त्यांचं लिहून घ्यायला बसली. तिने शाळेत शिकवल्याप्रमाणे पहिलं वाक्य लिहिलं की मुलगा अशक्त होता. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं तर आजींनी हात आडवा केला. अशक्त तो नंतर झाला. आधी तो शेळीच्या करडामागे धावायचा, ते आधी लिही. मुलीने खोडलं आणि लिहिलं. मग करडाचा रंग आला, करडू चुलीपाशी येऊन झोपायचं आणि पोर त्याच्या पोटावर डोकं टेकायचं ते आलं, भाजलेला कंद फुंकताना गाल फुगवायचा ते आलं. आजी आपल्या वारली बोलीत बोलत होत्या, पोरगी शाळेच्या मराठीत लिहीत होती. मी तिला सांगितलं, त्या बोलतात तसंच लिही. शुद्धलेखन तपासायला इथे कोणी येणार नाही. त्यानंतर वाचन सुरू झालं की आजी मध्येमध्ये हुंकार द्यायला लागल्या, थाळीवरच्या कथेला देतात तसा.

मग तो पावसाळा आला. दोरावर आजींनी इतर दगडांपेक्षा मोठा गोटा ठेवला होता. इतकी वर्षं त्या एकच वाक्य बोलत आल्या होत्या, मी त्याला आधी भगताकडे नेलं. अन्वेषणाच्या कागदातही तेच गेलं असणार, कारण तो प्रश्न कागदावर असतोच. आता मात्र मुलगी क्रमाने विचारत गेली. त्या महिन्यात घरात काय होतं? नाचणी संपलेली, नवी शेतात, रेशन मिळालेलं नाही. आवणीची मजुरी मिळायची होती. पोराला जुलाब कधी लागले? उपकेंद्राची वाट कुठून जाते? ओढ्यावरून. ओढ्याला? दोन दिवस पूर. भगत कुठे राहायचा? अलीकडे, त्याच पाड्यावर. हे सगळं एकाखाली एक लिहून वाचलं तेव्हा आजी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, मग दुसरं जायला होतं कुठं?" तीस वर्षं स्वतःला लावलेला दोष त्या प्रश्नाने संपला असं मी म्हणणार नाही. पण तो एकट्या त्यांच्या डोक्यावर राहिला नाही. ओढ्यावर गेला, रेशनवर गेला, मजुरी अडवणाऱ्यावर गेला. जिथे तो आधीपासून असायला हवा होता तिथे.

आमच्याकडे पुरुष कमी येतात, आणि येतात ते जमिनीचं दुःख घेऊन. वैतरणेच्या धरणाखाली शिवार गेलेले एक आजोबा आहेत. मोखाड्यातल्या कोचाळ्याच्या मध्य वैतरणेसह या नदीवरच्या धरणांतून मुंबईच्या नळांना पाणी जातं, आणि मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आजोबांना लिहिण्यात रस नव्हता. त्यांनी वहीचं मधलं जोडपान मागितलं आणि नकाशा काढला. कुठल्या बांधावर मोहाचं झाड, कुठे वाघदेव, कोणाचं घर कोणाच्या पाठीला, भावाला कुठे पुरलं. प्रत्येक खुणेला एक गोष्ट, ती नातवाने बाजूला लिहिली. आठवणींचं पुस्तक असंही होतं. नातू आता तो नकाशा घेऊन पाणी उतरल्यावर धरणाच्या काठाने फिरतो.

काही वेळा मी लिहू देत नाही. माणूस नुकतंच गेलेलं असेल तर आधी दिवसकार्य, झोप, जेवण, रडणं. वही नंतर. नवऱ्याने जीव दिलेली एक तरुण बाई आली होती. लिहिल्यावर तिच्या रात्री आणखी वाईट जायला लागल्या, लेकरांकडे लक्ष लागेना. आम्ही वही बंद करून बाजूला ठेवली आणि तिला समुपदेशकाशी बोलतं केलं. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या भागात मोबाइलची रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन लावावा लागतो, पण लागतो. सहा महिन्यांनी ती आपणहून परत आली आणि नवऱ्याला पोहता किती छान यायचं तिथून तिने सुरुवात केली.

वही कोणाची, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घेतो. जिची कहाणी तिचीच. लिहून घेणारी बाहेर एक शब्द बोलणार नाही. एकीने सगळं लिहून झाल्यावर वही चुलीत घातली, तो तिचा हक्क होता, कोणी विचारलं नाही. दारू पिऊन मारणाऱ्या माणसाच्या घरात राहणाऱ्या बाईची वही माझ्या कपाटात कुलपात राहते. शहरातून लोक येतात, "हे पुस्तक करू या" म्हणतात. हेतू चांगला असतो. पण वावर-वांगणीच्या वेळी फोटो निघाले तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आता ज्यांच्या वह्या आहेत त्या विचारून घेतात की माझं नाव कोण वाचणार. अजून कोणी हो म्हटलेलं नाही.

माझ्या वहीची गोष्ट सोपी झाली. भाचीने ती वाचली, तिच्या मुलीला वाचून दाखवली, आणि दोघींनी मला धारेवर धरलं की आंब्यावरून आई नेमकी कोणामुळे पडली. ते मी अजून लिहिलेलं नाही. लिहीन.

आजींचं मात्र अडलं आहे. मुलाची वही पूर्ण झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता माझ्या आईचं लिहायचं, ती लग्नगड्याची लेक होती, तिचं खूप आहे. लिहून घेणारी मुलगी आता बारावीला आहे आणि परीक्षा होईपर्यंत तिला अभ्यासातून उठवायचं नाही असं मी तिच्या आईला कबूल केलंय. तेव्हा वारली बोली नीट कळणारं, अक्षर बरं असलेलं आणि ऐकताना घाई न करणारं कोणी जव्हार-मोखाड्यात असेल तर आम्हाला हवं आहे. आजी दर बाजाराच्या दिवशी येऊन विचारतात, कोणी मिळालं का.